नानाचं करडू आणि तुझा पखवाज

छत्रपती संभाजीनगर
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. शिव्या भेटल्यावर दे.

बी.ए.ला कलापरिचयाचा पेपर घेतला तो सोपा असेल म्हणून. अर्धा विनोदी नाटकाचा, अर्धा शास्त्रीय गाण्याचा. पहिल्याच तासाला तीनताल. सोळा मात्रा, पहिली, पाचवी, तेरावीला टाळी, नववी खाली, म्हणजे तिथं टाळी द्यायचीच नाही. मी नेमकी नववीलाच दणकून टाळी दिली. सगळा वर्ग फिदीफिदी.

नाटकाचा तास मात्र आपला वाटला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वर सर बोलत होते. लक्ष्मण देशपांडे इथल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे. मराठवाड्यातलं वऱ्हाड विमानात बसवलं त्यांनी, आणि ५२ पात्रं एकट्यानं उभी केली! आपल्या बोलीला हसत नाहीत लोक, त्या बोलीतनं हसतात, असं मला वाटलं. शहरातल्या पोरांना हा फरक कळतो का, देव जाणे.

मग प्रत्येकानं एक किस्सा करून दाखवायचा होता. मी आमच्या नानाचा केला, एस.टी.त शेळीचं करडू घेऊन बसला तो. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हणे, "दूधपितं हाय की ते, तिकीट कशाचं?" वर्ग हसला, आणि मी घाबरून लगेच पुढचं वाक्य रेटलं. सर म्हणाले, "लाफ्टर खाल्लास." हसू चढू द्यायचं, उतरायला लागलं की पुढचा शब्द. पार विझू द्यायचं नाही.

हे डोक्यात घोळत असतानाच गाण्याच्या तासाला बाईंनी भूप राग घेतला. तान कुठं चाललीय काही कळेना. आता चुकतात, असं वाटलं, तेवढ्यात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्या. अख्ख्या वर्गाच्या माना एकदम हलल्या. माझीसुद्धा, न मोजता! तेव्हा तू आठवलास. एकादशीच्या भजनात तात्या अभंग लांबवत नेतात, तू पखवाजावर तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, धरून त्यांच्याकडं बघत बसतोस, आणि दोघं एकाच ठिकाणी पडता. तात्यांनी जन्मात मात्रा मोजल्या नसतील. आणि लहानपणी आपण दोघं मागं बसून खिदळायचो ते आठवलं की आता लाज वाटते.

भूपात मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य, एवढं पाठ झालंय. पण तात्यांकडं बघताना तू नेमकं काय बघतोस, हात की तोंड की श्वास? ते लिही. पुढच्या महिन्यात नानाचा किस्सा पुन्हा करायचाय.

आईला नमस्कार. करडू आता मोठं झालंय, नाना अजून विकत नाही.

तुझाच,
गोट्या