पेडल दुखावलं, माणसं भेटली

नवं कोरं ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाजाला खरखरीत धार देणारी, पायानं दाबायची डबी. बेस गिटारला जोडलं, खालच्या सुराची ई तार वाजवली की आवाज गपकन गायब! बाकीच्या तारा ठणठणीत. दोन दिवस मी केबलला, अॅम्पला (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याला) आणि शेवटी स्वतःच्या बोटांना दोष देत बसलो.

पहिले आभार त्या दादांचे, ज्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "अॅडॉप्टर काढून ९ व्होल्टची बॅटरी लावून बघितलीस का?" लावली, तरी तेच. अॅडॉप्टर निर्दोष सुटला.

मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळचे दुकानवाले काका. त्यांनी आधी विचारलं, "हे ठेवतोस कुठे?" म्हटलं, अॅम्पवर. ते हसले. ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, त्या धक्क्यानं अख्खा खोका हादरतो. इनपुटच्या जॅकची पिन बोटानं जराशी ढकलली, आणि कर्रर्र! "सोल्डर सुटलंय. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी उघडलं तर तुझी वॉरंटी जाईल. आधी बदलून माग." वर पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. हातातलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

आणि ती बेसवाली मैत्रीण, जिनं शनिवारच्या कार्यक्रमासाठी आपलं पेडल न मागता आणून दिलं. अॅडॉप्टरवर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, 'आत निगेटिव्ह, बाहेर पॉझिटिव्ह. दुसरा लावू नकोस!'

काल बदलून आलं. ई तार घुमतेय. अॅम्पवर मात्र ठेवलेलं नाही, काका.