सिकलसेलचं कार्ड मुलांच्या हातात देताना पेशीही समजावून सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडं विदर्भात, तिकडं नंदुरबारकडं शाळा-आश्रमशाळांतून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते. केंद्राचं मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं त्यात ठरलंय. काम फार मोलाचं आहे. मी स्वतः लॅब टेक्निशियन आहे, रक्ताच्या स्लाइड बघणं हेच माझं रोजचं काम, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते.

शाळेतल्या पोरांना विचारा, पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था असं सगळं धडाधड म्हणून दाखवतात. आणि तेच पोरगं एएस (म्हणजे वाहक, आजारी नव्हे) लिहिलेलं तपासणीचं कार्ड हातात घेऊन विचारतं की सर, बिघाड रक्तात आहे ना, मग माझ्या भावाची हाडं का दुखतात? भाऊ एसएस, म्हणजे त्याला हा आजार आहे. आता याचं उत्तर त्यानं पाठ केलेल्या त्याच धड्यात आहे, पण ते तिथं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, कारण पेशी एका धड्यात, सिकलसेल दुसऱ्या धड्यात आणि तपासणी शाळेच्या व्हरांड्यात.

तांबडी पेशी एकच काम करते, ऑक्सिजन वाहून नेणं, आणि त्या कामासाठी तिनं जवळजवळ सगळं सोडलेलं असतं. हाडाच्या मगजात तयार होताना ती आपलं केंद्रक बाहेर टाकते, मायटोकॉन्ड्रियाही ठेवत नाही, आत सगळं हिमोग्लोबिन भरून घेते, एकेका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. मधे दबलेली, मऊ, ७-८ मायक्रोमीटरची ही चकती तिच्यापेक्षा बारीक केशवाहिनीतूनही वाकून पुढं सरकते आणि साधारण १२० दिवस टिकते. मला तर इतक्या वर्षांनंतरही स्लाइडवर हे बघताना नवल वाटतं.

आता सिकलसेलमध्ये होतं काय, तर हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्लं, म्हणजे साखळीचे दुवे असतात, त्यातल्या फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बस एवढंच. पण ऑक्सिजन कमी झाला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात, पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकडी होते, केशवाहिनीत अडकते, आणि पुढच्या भागाला रक्तच मिळत नाही. तो भाग हाडातला असेल तर हाड ठणकतं. पानथरीत, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्लीहेत, असं वारंवार झालं की लहान वयातच पानथरी निकामी होते आणि मूल सारखं इन्फेक्शननं आजारी पडतं. अशा पेशी १०-२० दिवसांतच फुटतात, म्हणून अंगात रक्त कमी. एका रेणूतला बदल पेशीत, पेशीतून अवयवात, अवयवातून अख्ख्या माणसात कसा पोचतो हे यापेक्षा स्पष्ट कुठं दिसणार?

अजून एक, आणि हे मुलांना फार आवडतं असा माझा अनुभव आहे. बीटा साखळी कशी बनवायची हे सांगणारा हा बदललेला जीन (जनुक) ११ व्या गुणसूत्रावर असतो आणि तो त्या मुलाच्या कातडीच्या पेशीत, डोळ्याच्या पेशीत, मेंदूच्या पेशीतही आहे, पण त्या पेशी तो वापरतच नाहीत. बीटा साखळी बनवायचं काम फक्त तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींकडं, म्हणून बिघाड तिथंच उघडा पडतो. विशेषीकृत पेशी कशाला म्हणतात हे एवढ्यावरून कळतं, वेगळी व्याख्या पाठ करायची गरज नाही.

हे न सांगितल्याचा त्रास गावात दिसतो. वाहक मुलीला आजारी समजतात, जेवायला वेगळं बसवतात, जमलेली सोयरीक मोडतात. अहो, जीन आईबापाकडून येतो, शिवल्यानं किंवा ताटातून येत नाही. वाहकाला एक जीन चांगला असतो, त्याच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिनही भरपूर असतं, त्यामुळं एरवी त्याला सहसा त्रास होत नाही. दोघंही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, तेवढ्यासाठी लग्नाआधी दोघांची तपासणी हवी.

माझी शिक्षण आणि आरोग्य दोन्ही खात्यांना कळकळीची विनंती आहे, तपासणीची टीम शाळेत येते तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांसोबत एक तास ठेवा. एक मायक्रोस्कोप आणि दोन तयार स्लाइड, एक नॉर्मल आणि एक सिकलची, एवढं पुरतं. स्लाइडवर कुणाचं नाव नको आणि वर्गात कुणाचा रिपोर्ट वाचून दाखवू नका. एसएस मुलांना भरपूर पाणी प्या, थंडीत अंग झाका असं आपण सांगतोच, ते का सांगतो हेही त्याच तासाला सांगता येईल, अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि दोरे लवकर बनतात. शाळेत मायक्रोस्कोप नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमधून एका दिवसापुरता आणायची परवानगी द्या.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, चंद्रपूर जिल्हा