पॅनेल कोणत्या मीटरवर?

महोदय,

‘पीएम सूर्यघर’ योजनेत जिल्ह्यात स्पर्धेतून निवडलेल्या एका आदर्श सौरग्रामासाठी १ कोटी रुपये आहेत. त्या स्पर्धेत नसलेल्या ग्रामपंचायतीही सौर पॅनेल बसवतात. पण अनेकदा ती कार्यालयाच्या गच्चीवर चढतात. फोटो तिथे चांगला येतो! बिल मात्र पाणीपुरवठ्याच्या पंपाचे आणि पथदिव्यांचे मोठे असते. साध्या नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सौर वीज वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, वजावट पॅनेल जोडलेल्या जोडणीच्याच बिलात होते. म्हणून आधी प्रत्येक जोडणीची बारा महिन्यांची बिले समोर मांडावीत, मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेले कमाल किलोवॉट) तपासावा.

१ किलोवॉटला सुमारे १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. महिन्याला ६०० युनिट खाणाऱ्या पंपाला ५ किलोवॉट पुरेत.

निविदेत पाच वर्षांची देखभाल, पॅनेल धुण्याचे वेळापत्रक, लायटनिंग अरेस्टर (आकाशातील विजेपासून संरक्षण) आणि इन्व्हर्टरवर सावली या बाबी लिहून घ्याव्यात. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी कोण ओतणार, हेही ठरवावे.

बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद होते. लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठीच ती तशी बनवलेली असते. हे ग्रामसभेत आधी सांगितले नाही, तर पहिल्याच भारनियमनात ‘सोलर बिघडले’ अशी ओरड होते. बॅटरीवरचे पथदिवे घ्यायचेच असतील, तर बॅटरी बदलण्याची रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरावी.

– सौरऊर्जा क्षेत्रातील काही तंत्रज्ञ