आधी कागद गोळा करा, मग टेबल आखा

प्रति,
संपादक महोदय,

सोलापुरातला एखादा चादर-टॉवेल कारखानदार हिशेब संगणकावर घ्यायचे ठरवतो तेव्हा प्रोग्रामरला केबिनमध्ये बोलावून तीन वाक्ये सांगतो : बिल निघालं पाहिजे, स्टॉक दिसला पाहिजे, उधारी कळली पाहिजे. आठवड्याभरात स्क्रीन तयार व्हायला लागतात. चार-सहा महिन्यांनी त्याच ऑफिसात जाड वही पुन्हा उघडलेली असते, कारण डायिंगला, म्हणजे रंगवायला, गेलेले सूत त्या प्रणालीत कुठेच दिसत नाही. पैसे गेलेले असतात आणि ‘कॉम्प्युटर आपल्या धंद्याला चालत नाही’ हा समज पक्का होतो. डेटाबेसचे, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या साठ्याचे, पहिले टेबल (ओळी-रकान्यांचा तक्ता) आखण्यापूर्वी दोन-तीन आठवडे केवळ कागद गोळा करण्यात आणि माणसांना विचारण्यात घालवले तर यातले बहुतेक नुकसान टळते. ते कसे करावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

कागद भरलेले हवेत, कोरे नमुने उपयोगाचे नाहीत. खाडाखोड केलेले आणि रद्द केलेले तर आवर्जून घ्यावेत. सूतखरेदीचे बिल, वजनकाट्याची पावती, सायझिंग (धाग्याला खळ लावणे) आणि डायिंगचे जॉबवर्क चलन (बाहेर करून घ्यायच्या कामासाठी माल पाठवल्याचा कागद), बीमची (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाची) नोंद, मागावरचे उत्पादन रजिस्टर, हजेरी, प्रतवारीची वही, पॅकिंग स्लिप, विक्रीचे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, परत आलेल्या मालाची नोंद, दलालीचा हिशेब. प्रत्येकाचे निदान वीस-पंचवीस कागद, आणि तेही वेगवेगळ्या महिन्यांतले. शाळा सुरू होण्याआधी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत जी घाई असते, तिच्यात जे घडते ते एरवीच्या संथ आठवड्यात दिसत नाही. मग समासात पेनाने काय लिहिले आहे ते वाचावे. ‘2 कोन कमी’, ‘शेड फिका, डझनाला 5 रु. कमी लावणे’, ‘उरलेले 40 डझन पुढच्या गाडीत’. छापील रकान्यांत न मावलेली अशी प्रत्येक ओळ ही डेटाबेसची एक गरज असते. तशीच ओळ तीन-चार कागदांवर सापडली तर तिला स्वतंत्र रकाना किंवा स्वतंत्र टेबल लागणार, हे धरून चालावे.

धंदा कसा चालायला हवा हे मालक सांगतो. तो रोज कसा चालतो हे मागांवर देखरेख करणारा जॉबर, गोदाम सांभाळणारा, पॅकिंगमधल्या बायका आणि बिले करणारा कारकून सांगतात. त्यांना केबिनमध्ये बोलावू नये, त्यांच्या जागी जाऊन काम चालू असताना विचारावे. शहराच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. सोबत तेलुगू जाणणारे कोणी असले की माणसे मोकळेपणी बोलतात. ‘तुमची पद्धत काय?’ असे विचारले तर पाठ केल्यासारखे उत्तर येते. त्यापेक्षा ‘मागच्या आठवड्यात कोणती ऑर्डर अडली?’ किंवा ‘चलनावर 50 किलो आणि काट्यावर 49.2 भरले तर वहीत कोणता आकडा लिहिता?’ असे विचारावे. दोन माणसांनी दोन उत्तरे दिली तर त्यातले एक निवडण्याचा अधिकार प्रोग्रामरचा नाही. तो निर्णय मालकाने घ्यावा आणि तारखेसह लिहून सही करावी.

जमलेले सगळे साध्या मराठीत लिहून काढावे, एका वाक्यात एकच नियम. ‘एका ऑर्डरचा माल अनेक चलनांतून जाऊ शकतो.’ ‘एका चलनावर अनेक ऑर्डरींचा माल असू शकतो.’ ही वाक्ये संबंधितांना मोठ्याने वाचून दाखवली की चुका तिथल्या तिथे सापडतात. वरची दोन्ही वाक्ये खरी असतील तर ऑर्डर आणि चलन यांच्या मध्ये तिसरे टेबल लागते : कोणत्या चलनाच्या कोणत्या ओळीवर कोणत्या ऑर्डरचे किती नग गेले. हे सुटले तर ऑर्डरच्या टेबलात ‘चलन क्रमांक’ असा एकच रकाना पडतो, दुसरी गाडी निघाली की कारकून त्यात ‘112, 118’ असे स्वल्पविराम देऊन लिहितो, आणि त्या दिवसापासून शिल्लक ऑर्डरीचा एकही आकडा भरवशाचा राहत नाही. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 मध्ये सगळी माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची रचना मांडली आणि पीटर चेन यांनी 1976 मध्ये घटक (ऑर्डर, चलन अशा नोंदवायच्या गोष्टी) व त्यांची नाती चित्राने दाखवण्याची पद्धत दिली. ते चित्र एका मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावायला काहीच खर्च येत नाही.

आपल्या धंद्यात सर्वांत जास्त घोळ मापांचा होतो. सूत किलोवर येते, बीम मीटरवर जातो, टॉवेल डझनावर बांधला जातो आणि भाव कधी डझनाला तर कधी किलोला ठरतो. 30 बाय 60 इंचाच्या टॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे 1.161 चौरस मीटर. 400 जीएसएम (चौरस मीटरला 400 ग्रॅम) धरला तर एक नग साधारण 464 ग्रॅम आणि डझन 5.57 किलो भरतो. प्रत्यक्षात कापड 380 जीएसएमचे निघाले तर डझन 5.29 किलो, म्हणजे 100 डझनांमागे सुमारे 28 किलोंचा फरक. म्हणून डझनाचे वजन ठरावीक धरून किलो काढणारी प्रणाली महिनाअखेरीस सुताचा हिशेब जुळवू शकत नाही. नग आणि प्रत्यक्ष वजन दोन्ही नोंदवावे, ठरलेले वजन डिझाइनच्या टेबलात ठेवावे आणि दोहोंतला फरक अहवालात दाखवावा. मालकाला खरे तर तोच फरक पाहायचा असतो.

सुताचेही तसेच. काउंट म्हणजे सुताची बारकाई सांगणारा आकडा. 20 काउंट आणि 2/20 या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 2/20 म्हणजे 20 काउंटचे दोन धागे पिळलेले, त्याचा परिणामी काउंट 10. काउंटचा रकाना नुसता आकड्याचा ठेवला तर दोन्ही सुते एकाच ढिगात पडतात. आणि रंगीत सुताला लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या खेपेचा क्रमांक) हवाच. ‘मरून’ असे एकच नाव असलेल्या दोन लॉटांची शेड उजेडात वेगळी दिसते. ते एकाच चादरीत विणले गेले तर पट्टा उठतो आणि माल दुय्यम प्रतीत जातो. स्टॉक रंगावर न मोजता लॉटवर मोजावा लागतो तो यासाठी.

आता सुरुवातीला सांगितलेले डायिंगचे सूत. ते आपल्या गोदामात नसते, पण मालकी आपलीच असते. म्हणून स्टॉकच्या प्रत्येक नोंदीत ‘किती’ याच्याबरोबर ‘कुठे’ हेही हवे, आणि त्या ‘कुठे’मध्ये गोदाम, मागखाता, सायझिंगवाला, डायिंगवाला, शिलाईवाला हे सगळे यावेत. माल पाठवणे म्हणजे एका जागेतून वजा आणि दुसऱ्या जागेत जमा. परत येताना घट वेगळ्या ओळीवर लिहावी, म्हणजे कोणाकडे घट जास्त जाते ते सहा महिन्यांत कळते. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवल्याच्या तारखेलाच विक्री झाली असे धरले जाते. चलनाची तारीख आणि परतीची जोडणी टेबलात नसेल तर हे वर्षभराने कागद उकरूनच शोधावे लागते.

कराचा दर वस्तूच्या टेबलात एका रकान्यात कोंबणे ही नेहमीची चूक. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी चादर-टॉवेलसारख्या तयार कापडी वस्तूंना नगामागे 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के होते. त्या तारखेपासून 2500 रुपयांपर्यंत 5 आणि त्यावर 18 टक्के झाले. म्हणजे 1400 रुपयांची चादर 12 वरून 5 वर आली आणि 2600 रुपयांची 12 वरून 18 वर गेली. दरासोबत किंमतमर्यादा आणि ‘केव्हापासून’ ही तारीख ठेवलेली असेल तर असा बदल म्हणजे टेबलात दोन नव्या ओळी. नसेल तर जुना दर पुसला जातो, आणि आधी विकलेला माल परत आल्यावर क्रेडिट नोट (ग्राहकाला द्यायच्या वजावटीचा कागद) चुकीच्या दराने निघते.

इथे एक बारकावा आहे. एक माहिती एकाच जागी ठेवावी हा डेटाबेस आखण्याचा पाया, पण बिलावर लागलेला भाव, कराचा दर आणि ग्राहकाचा त्या दिवशीचा पत्ता यांची प्रत बिलाच्या नोंदीतच जतन करावी. तो त्या दिवसाचा दस्तऐवज आहे. उद्या भाव बदलला म्हणून कालचे बिल बदलता कामा नये. बिल क्रमांक आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त 16 अक्षरी असावा लागतो, तेव्हा लांबलचक उपसर्ग आधीच टाळावेत. रद्द केलेले बिल पुसू नये, ‘रद्द’ अशी खूण करून ठेवावे. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद राहणे सक्तीचेच आहे.

पुरवठादाराच्या नोंदीत तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे का, लेखी करार आहे का हे ठेवावे, आणि खरेदीच्या नोंदीत माल स्वीकारल्याची तारीख बिलाच्या तारखेहून वेगळी ठेवावी. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातली पैसे चुकवण्याची मुदत, लेखी करार नसेल तर 15 आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, माल स्वीकारल्यापासून मोजतात.

नावांबद्दल. एकच माणूस बँकेच्या कागदावर, आधारवर आणि हजेरीत तीन स्पेलिंगांनी असतो. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी नावे इंग्रजीत लिहिताना हे व्हायचेच. म्हणून नावावरून माणूस ओळखू नये, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. देवनागरी युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातच ठेवावी. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या याद्या आधी रूपांतरित करून घ्याव्यात, नाहीतर शोध चालत नाही. यूटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह 3 बाइट (साठवणुकीची एकके) घेते, रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर नावे अर्धी कापली जातात. पिन कोड, मोबाइल, एचएसएन (वस्तूचा कर-वर्गीकरण क्रमांक) हे अंक असले तरी मजकूर म्हणून साठवावेत. पैसे दशांश प्रकारात. तरंगत्या बिंदूच्या (फ्लोटिंग पॉइंट) प्रकारात अपूर्णांक अंदाजे साठतात, त्यामुळे पैशांची बेरीज चुकू शकते.

चालू करताना गोदामातला आणि जॉबवर्कवाल्यांकडचा माल प्रत्यक्ष मोजून सुरुवातीची शिल्लक घ्यावी, वहीतला आकडा उचलू नये. वही आणि संगणक निदान एक पूर्ण महिना सोबत चालवावेत, महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे. घाईच्या हंगामात हे करायला जाऊ नये. आणि करारात लिहून घ्यावे की टेबलांचा आराखडा, नियमांची यादी आणि सगळा डेटा कारखान्याच्या मालकीचा राहील. बॅकअप रोज निघेल आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिला जाईल.

शेवटी एक विनंती शहरातल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयांना. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थी ग्रंथालयाची किंवा दवाखान्याची ठरलेली प्रणाली पुन्हा पुन्हा करतात. त्यातल्या चार-चार जणांना एका कारखान्याचे एकच खाते द्या, उदाहरणार्थ जॉबवर्क चलन, आणि पहिल्या सत्रात कोड न लिहिता फक्त कागद, नियमांची वाक्ये आणि नात्यांचे चित्र एवढेच मागा. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखानदारांनी त्यांना आत येऊ द्यावे आणि आठवड्यातून दोन तास द्यावेत.

आपला,
व्यावसायिक डेटाबेस आखण्याचे काम करणारा एक वाचक,
सोलापूर