मी थेंब मोजले, रंग तुम्ही बघितलात

प्रिय काका,

फोनवर चार वेळा थँक्यू म्हणून झालं, तरी मन भरलं नाही. म्हणून हे पत्र.

जानेवारीत माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं हॅमर कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आक्रसत चाललं होतं, सांगाड्याच्या कडेवरून मांस सुटायला लागलं होतं. पाण्याची क्षारता, म्हणजे केएच, मी मोजली की ९ यायची. ७ ते ११ मध्ये असली की ठीक. मग हे मरतंय कशानं? इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या, दुकानात तीनदा पाणी नेलं. तिथे पट्टी बुडवायची, "पाणी उत्तम आहे" म्हणायचं आणि वर एक नवी बाटली विकायची. तिसऱ्यांदा धीर करून सांगितलं, मला हिरवा आणि केशरी वेगळे ओळखू येत नाहीत. काउंटरवरचा माणूस हसला. म्हणाला, "मग हा छंद कशाला? गोल्डफिश पाळा." ते अजून बोचतं.

तुम्ही आलात त्या रात्री बर्फ पडत होता. कोटसुद्धा न काढता टाकीसमोर मांडी घातलीत. केएचच्या चाचणीत कुपीतल्या पाण्यात थेंब सोडायचे, हिरव्याचं केशरी झालं की थांबायचं, थेंबांवरून आकडा कळतो. मी कुपी हलवत एकेक थेंब सोडत होतो. रंग कधीच पालटला होता आणि मी सोडतच होतो. तुमच्या ते लक्षात आलं. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तुम्ही काही विचारलं नाहीत. कुपी माझ्या हातातून घेतलीत, पांढऱ्या कागदासमोर धरलीत आणि म्हणालात, "मी रंग बघतो, तू थेंब मोज."

केएच सहाच्याही खाली निघाला. जास्तीच्या थेंबांनी माझा आकडा फुगत होता आणि कोरलला सांगाडा बांधायला कार्बोनेट पुरत नव्हतं. पुढे तुम्ही सांगितलंत तसंच केलं, केएच दिवसाला एका अंशाहून जास्त चढवला नाही.

दुसऱ्याची उणीव चारचौघांत बोलून दाखवणारे मला आयुष्यभर भेटले. ती पाहून गुपचूप आपला हात पुढे करणारा माणूस चाळिशी उलटल्यावर भेटला.

आठवड्यानं तुमचा केएच मोजायचा डिजिटल मीटर आमच्या ओट्यावर ठेवून गेलात, "घरात नुसता पडून होता" म्हणत. आत बॅटरी नवीकोरी होती, काका. बघितलं मी.

आज सकाळी त्यावर ८.४ आलं. हॅमर पूर्ण फुललंय. रविवारी काकूंना घेऊन या, दिवे लागायच्या वेळी.

तुमचा,
टाकीवाला