मावशी आणि भाचा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, मी फक्त आकडेमोड करतो. त्याचं पुढे काय करायचं ते ठरवणारे दुसरे." त्या रात्री मला झोप लागली नाही. डोक्यात ऑटो फ्रिश हा भौतिकशास्त्रज्ञ घोळत होता.

अमेरिकेचा अणुबॉम्ब म्हटलं की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला गेलेलं, आईन्स्टाईनच्या सहीचं १९३९ चं पत्र सगळे सांगतात. मीही वर्गात तेच सांगत आले. पण त्या पत्रानंतर जी समिती बसली, तिला सुरुवातीला मिळाले ६,००० डॉलर. कामाला खरा जोर आला तो इंग्लंडमधल्या काही टंकलिखित पानांनी.

फ्रिश व्हिएन्नाचा, ज्यू. १९३८ च्या नाताळात तो स्वीडनमध्ये मावशीला, भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनरला भेटला. ती नुकतीच बर्लिनहून जीव वाचवून आलेली. फ्रिशचे वडील तेव्हा डाखाउच्या छळछावणीत होते. मावशी-भाचे बर्फात फिरायला गेले, एका ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशोब मांडला: युरेनियमच्या अणूचं केंद्रक दुभंगतं, आणि प्रत्येक वेळी सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते.

युद्ध सुरू झालं तेव्हा फ्रिश बर्मिंगहॅममध्ये अडकला होता. तिथे रडारचं गुप्त काम चालू होतं, पण शत्रुदेशाचा माणूस म्हणून त्याला त्यात घेत नव्हते. मग मार्च १९४० मध्ये त्याने आणि तिथल्याच रुडॉल्फ पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न घेतला: निव्वळ युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज दुभंगणारा प्रकार, मिळालं तर बॉम्बला किती लागेल? तोवर सगळे टनांत विचार करायचे. यांचं उत्तर आलं साधारण एक किलो. खरा आकडा पुढे बराच मोठा निघाला, पण विमानातून नेता येईल असा बॉम्ब शक्य आहे, हे त्यांच्या त्या टंकलिखित पानांवर उतरलं. त्यातून असा बॉम्ब बनेल का हे तपासणारी ब्रिटनची माउड समिती उभी राहिली, आणि तिचा अहवाल पोहोचल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये रूझवेल्टने होकार दिला.

बाळा, ते नुसता आकडा देऊन थांबले नाहीत. किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर पसरेल, असंख्य सामान्य माणसं मरतील, म्हणून हे अस्त्र या देशाने वापरण्याजोगं कदाचित नसेल, हेही त्यांनी त्याच टिपणात लिहिलं. आणि तरीही काम लगेच सुरू करा म्हणाले, कारण जर्मनीने आधी केलं तर तोड उरणार नाही.

पुढे फ्रिश बॉम्ब बनवण्याच्या कामावर अमेरिकेत, लॉस अलामॉसला गेला. मावशीलाही बोलावणं होतं. तिने ठाम नकार दिला. एकाच ओंडक्यावर बसून एकच हिशोब केलेली ही दोन माणसं! मला दोघांपैकी कुणालाच दोष देववत नाही. आपली आकडेमोड कुठे चालली आहे, ते मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तुझ्या प्रकल्पाला पैसे कोण देतं आणि त्यांना त्यातून काय हवंय, ते मला लिहून कळव. ठाऊक नसेल, तर आधी तिथे विचार आणि मग लिही. मी वाट बघते.

तुझी,
आई