परिचारिकेचा नकार हाही सेवेचाच भाग

माननीय संपादक,

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिकांच्या ममतेचे आणि सेवावृत्तीचे कौतुक करणारे लेख प्रसिद्ध होतात. ते कौतुक योग्यच आहे. मात्र या व्यवसायाला लागणारा एक अवघड गुण, म्हणजे ठामपणे नकार देण्याची तयारी, त्यात सहसा दिसत नाही. रुग्णाला काय झाले आहे हे शेजाऱ्याला न सांगणारी किंवा ओळख पटवल्याखेरीज इंजेक्शन न देणारी परिचारिका बहुधा अडेलतट्टू ठरते. पूर्वी वॉर्डात काम केलेली एक परिचारिका म्हणून याविषयी लिहावेसे वाटते.

रुग्णाची गोपनीयता हा शिष्टाचाराचा भाग आणि सुरक्षितता हा वैद्यकीय विषय, अशी विभागणी अनेकांच्या मनात असते, ती मला मान्य नाही. दाखल होताना ‘दारू घेता का’, ‘झोपेच्या गोळ्या चालू आहेत का’, ‘गर्भारपणाची शक्यता आहे का’ हे प्रश्न सासू किंवा मुलगा शेजारी उभा असताना विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार, आणि त्याच उत्तराच्या भरवशावर पुढे भूल, एक्स-रे आणि औषधे ठरणार. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाची दारू रुग्णालयात एकाएकी बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत त्याला भ्रम होऊ शकतो, झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. आधी कळले असेल तर त्याची तयारी ठेवता येते. म्हणून ‘पाच मिनिटे बाहेर थांबा’ असे नातेवाइकांना सांगणारी सिस्टर केवळ पडदा ओढत नसते, तर पुढची चूक टाळत असते.

अर्थात, गोपनीयता आणि सुरक्षितता या दोन जबाबदाऱ्या कधी कधी एकमेकींच्या आड येतात. औषध देण्यापूर्वी खाटेच्या क्रमांकावर विसंबता येत नाही, कारण खाटा बदलतात. ‘तुम्हीच अमुक ना?’ असेही विचारू नये, कारण गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावी लागते, मग ते शेजारच्या खाटेवर ऐकू गेले तरी. ड्युटी बदलताना रुग्णाच्या खाटेपाशी हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती, दिला तर चुकीची नोंद रुग्ण स्वतःच दुरुस्त करू शकतो, हा मोठा फायदा आहे; परंतु पडद्याने दृश्य अडते, आवाज अडत नाही. त्यामुळे एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात अशा बाबी तिथे न उच्चारता केस पेपरवर बोट ठेवून दाखवायच्या किंवा बाजूला जाऊन सांगायच्या, हे तारतम्य अनुभवी परिचारिकेला असते. ते कोणत्याही रजिस्टरात नोंदले जात नाही.

नकाराची किंमत काय असू शकते, हे २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे दिसले. अपघातात भाजून बेशुद्ध झालेल्या ट्रकचालकाच्या रक्ताचा नमुना पोलिसांना हवा होता. रुग्णाची संमती, न्यायालयाचे वॉरंट किंवा त्याची अटक यांपैकी काहीही नसल्यामुळे परिचारिका अ‍ॅलेक्स वुबेल्स यांनी रुग्णालयाचा लेखी नियम वाचून दाखवला आणि वरिष्ठांना फोनवर घेऊन नमुना देण्यास नकार दिला. पोलिसांनी त्यांनाच बेड्या घातल्या. पुढे त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, संबंधित अधिकाऱ्याला नोकरीतून काढले गेले आणि ५ लाख डॉलरच्या भरपाईवर प्रकरण मिटले. या घटनेत त्यांच्या धैर्याइतकाच मला तो हाताशी असलेला लेखी नियम महत्त्वाचा वाटतो.

गुप्ततेलाही मर्यादा असतात, हे खरे. लहान मुलावर अत्याचार झाल्याचा संशय असेल किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर बोलावेच लागते. पण तेही योग्य व्यक्तीपाशी आणि आवश्यक तेवढेच. ‘कुटुंबात सांगायला काय हरकत आहे’ ही सबब मात्र त्यात बसत नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झालेल्या, परिचारिकांसाठीच्या नाइटिंगेल प्रतिज्ञेत रुग्णाच्या खासगी गोष्टींबरोबर त्याच्या घरगुती गोष्टीही गुप्त ठेवण्याचे वचन आहे. आजच्या काळात त्यात वॉर्डातील मोबाइलचे छायाचित्रही धरायला हवे.

हा सगळा भार एकट्या परिचारिकेच्या स्वभावावर सोडणे मला अन्यायाचे वाटते. बाहेरून कोणी माहिती मागितली तर उत्तर कोणी द्यायचे, हे प्रत्येक रुग्णालयाने लेखी ठरवून वॉर्डात लावावे, रात्रपाळीतही फोन उचलणारा वरिष्ठ नेमून द्यावा आणि नियम पाळल्यामुळे तक्रार आलेल्या परिचारिकेकडून माफीपत्र लिहून घेण्याची पद्धत बंद करावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका